बँडमध्ये स्टेजवर एकमेकांशी बोलायचं कसं: टॉकबॅक माइकचा पूर्ण सेटअप

इन-इअर, म्हणजे कानात घालायचे छोटे मॉनिटर, आल्यापासून स्टेजवरचा एक त्रास संपला आणि दुसरा सुरू झाला. कानात मिक्स स्वच्छ येतं, मॉनिटरची शिट्टी वाजत नाही, क्लिक (ताल मोजणारी टिकटिक) आणि ट्रॅक लावता येतात, पण शेजारी दोन फुटांवर उभा असलेला गिटारवाला जीव तोडून काही सांगत असला तरी त्याचे फक्त ओठ हलताना दिसतात. मग सुरू होतात हातवारे, भुवया उडवणं, बोटं दाखवणं, आणि अर्ध्या बँडला ते कळतं, अर्ध्याला नाही.

आणि आपल्याकडच्या कार्यक्रमात बोलायची वेळ सारखी येते. गायक दुसऱ्या अंतऱ्याऐवजी थेट मुखड्यावर आला. गायिकेचा गळा बसलाय, पुढचं गाणं काळी तीनऐवजी काळी दोनमध्ये घ्यायचंय. गणपतीच्या मांडवात मेडली रंगात आलेली असताना प्रमुख पाहुणे पोचले आणि आयोजक विंगेतून हात दाखवतायत की थांबवा, सत्कार उरकून घेऊ. उघड्या मैदानावर कार्यक्रम असला तर रात्री १० चा नियम आहेच, विशेष परवानगीचे १२ पर्यंतचे दिवस वर्षात मोजकेच असतात, त्यामुळे पावणेदहाला कुणीतरी ठरवावं लागतं की तीन गाणी गाळून थेट शेवटच्या गाण्यावर जायचं, आणि ते दहा जणांपर्यंत एकाच वेळी पोचावं लागतं. हे सगळं करायला टॉकबॅक. म्हणजे स्टेजवर असा एक माइक, ज्यातलं बोलणं फक्त बँडच्या कानात जातं, प्रेक्षकांपर्यंत कधीही जात नाही.

यातला "कधीही" हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा आहे. माइक कोणताही घ्या, बटण कोणतंही लावा, पण तो आवाज मेन स्पीकरला जाणार नाही ही व्यवस्था वायरिंगमध्ये आणि पॅचिंगमध्ये, म्हणजे कोणती वायर कुठे जोडली त्यात, पक्की झालेली असली पाहिजे, कुणाच्या लक्षात राहण्यावर सोडलेली नसावी. कार्यक्रमाच्या गडबडीत माणूस विसरतो. जी वायर मेनच्या कन्सोलला (साउंडवाल्यांच्या मिक्सरला) लावलेलीच नाही तिला विसरायला काही नसतं. पुढचं सगळं ह्याच एका गोष्टीभोवती आहे.

आधी सगळ्यांच्या कानात काहीतरी हवं

टॉकबॅक इन-इअरवरच चालतो. जमिनीवरच्या मॉनिटरमध्ये टॉकबॅक सोडला तर पहिल्या तीन रांगांना तुमचं बोलणं ऐकू जातं, शिवाय शेजारच्या उघड्या माइकमध्ये शिरतं ते वेगळंच. त्यामुळे बँडमधले दोन जण अजून मॉनिटरवर असतील, बरेचदा तबला-ढोलकीवाले असतात कारण त्यांना वाद्याचा खरा आवाज हवा असतो आणि ते बरोबरच आहे, तर त्यांचा मॉनिटर तसाच राहू द्या आणि फक्त एका कानात एक वायरवाला इअरफोन द्या. बसून वाजवणाऱ्याला वायरलेसची गरजच नाही. बेहरिंगरचा पी२ सारखा छोटा हेडफोन अॅम्प कमरेला किंवा तबल्याच्या गादीशेजारी ठेवला, कन्सोलवरून एक लाइन त्यात टाकली, की झालं, तो पेन्सिल सेलपेक्षाही बारीक असलेल्या दोन ट्रिपल ए सेलवर चालतो. त्या कानात बाकी काही नको, फक्त टॉकबॅक आणि लागलाच तर क्लिक.

बोलणार कोण

सगळ्यांना माइक द्यायचा मोह होतो. देऊ नका. मी तरी दोनपासून सुरुवात करा असंच सांगेन. एक बँड चालवणाऱ्याला, जो बहुतेक वेळा कीबोर्डवर असतो, आणि दुसरा ड्रमर किंवा ऑक्टोपॅडवाल्याला, कारण टेम्पो, ब्रेक आणि एंडिंग त्याच्या हातात असतं. तिसरा द्यायचाच तर विंगेत उभ्या असलेल्या माणसाला द्या, ज्याच्याशी आयोजक आणि निवेदक बोलत असतात, म्हणजे पाहुणे आले, पुढचा गायक तयार नाही, असले निरोप हातवाऱ्यांशिवाय येतात. गायकाला बोलायचं असेल तर त्याच्यासाठी वेगळा माइक लागत नाही, त्याच्या गाण्याच्याच माइकला पायाचं स्विच लावता येतं, ते पुढे सांगतो.

माइक साधा डायनॅमिक घ्या. शुअरचा एसएम५८ असेल तर उत्तमच, पण टॉकबॅकसाठी तेवढा खर्च करायची गरज नाही, जुना, जाळी चेपलेला पण व्यवस्थित चालणारा कोणताही कार्डिऑइड (समोरचाच आवाज जास्त घेणारा) डायनॅमिक पुरतो. कंडेन्सर टाळा, ड्रमच्या शेजारी कंडेन्सर म्हणजे बोलण्यापेक्षा झांजाच जास्त. माइक तोंडापासून दोन-तीन बोटांवर येईल असा स्टँड लावा, कीबोर्डवाल्याच्या बाजूने आडवा बूम सगळ्यात सोयीचा पडतो, वाजवता वाजवता नुसती मान वळवली की तोंड माइकवर. माइक लांब असेल तर माणूस मोठ्याने बोलतो आणि मोठ्याने बोलला की तिथे दुसरीच गडबड होते, त्यावर पुढे येतो.

स्विच

माइक सतत उघडा ठेवून चालत नाही. उघडा टॉकबॅक म्हणजे प्रत्येकाच्या कानात अजून एक ओव्हरहेड (ड्रमच्या वर लावतात तसला) माइक, सगळ्या बँडचं मिक्स गढूळ होतं आणि मग एकेक जण हळूच आपापल्या कानातला टॉकबॅक खाली करतो, आणि जेव्हा खरंच बोलायचं असतं तेव्हा कुणालाच ऐकू येत नाही. माइकवरच्या ऑन-ऑफ बटणाचंही तसंच. वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात आणि एकदा ऑन केलेलं बटण ऑफ करायचं राहतंच.

गेट, म्हणजे आवाज ठरावीक पातळीच्या (थ्रेशोल्डच्या) वर गेला तरच चॅनल उघडणारी सोय, लावून माइक आपोआप उघडेल असं बरेच जण सुचवतात. शांत कोपऱ्यातल्या माइकला चालेलही, पण ड्रमशेजारी तुमच्या बोलण्यापेक्षा स्नेअर जोरात असतो, म्हणजे गेट बोलण्याला नाही, स्नेअरला उघडणार. थ्रेशोल्ड वर नेला तर बोलण्याचा पहिला शब्द कापला जातो. त्यापेक्षा पायाने दाबेपर्यंत सुरू, पाय उचलला की बंद, असं स्विच हवं. दुकानात मागताना "मोमेंटरी" असं स्पष्ट सांगा. एकदा दाबलं की सुरूच राहतं ते "लॅचिंग", ते टॉकबॅकला नको.

गायकासाठी तयार पेडल मिळतात. रेडियल कंपनीचा हॉटशॉट डीएम१ हा त्यासाठीच बनवलाय, एका बाजूने माइक आत, दुसऱ्या बाजूला दोन आउट, एक मेनला आणि एक टॉकबॅकला. पाय ठेवला की गायकाचा आवाज मेनमधून निघून फक्त बँडच्या कानात जातो, पाय काढला की परत मेनला. वायरवाल्या डायनॅमिक माइकसाठीच आहे तो. गायक वायरलेसवर असेल तर स्विच रिसिव्हरच्या आउटनंतर लावावं लागतं, रेडियलचाच हॉटशॉट एबीओ त्या कामाचा, पण मग रिसिव्हर स्टेजवर गायकाच्या पायाजवळ येईल असा ठेवावा लागतो, कन्सोलपाशी ठेवलेल्या रिसिव्हरला हे जमणार नाही.

कीबोर्डवाल्याच्या स्वतंत्र टॉकबॅक माइकसाठी मात्र तयार पेडल घ्यायची गरज नाही, बॉक्स घरी बनतो, आणि सोल्डरिंग जमणारा एक तरी माणूस प्रत्येक बँडमध्ये असतोच. लागतं काय, तर एक जाड पत्र्याचा छोटा डबा, माइकच्या वायरला असतात ते तीन पिनांचे एक्सएलआर कनेक्टर, एक फिमेल, एक मेल, आणि एक मोमेंटरी फूटस्विच, पण "नॉर्मली क्लोज्ड" प्रकारचं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास हे सगळं एका फेरीत मिळतं. घेताना मल्टिमीटर सोबत न्या किंवा दुकानदाराचा मागा, कंटिन्युइटीवर लावून बघा, स्विच न दाबता बीप वाजला पाहिजे आणि दाबल्यावर थांबला पाहिजे. उलटं होत असेल तर ते नॉर्मली ओपन आहे, ते लावलंत तर माइक कायम सुरू आणि दाबल्यावर बंद, म्हणजे आपल्याला हवं त्याच्या बरोबर उलट. गिटारच्या पेडलमध्ये असतं ते नऊ पायांचं स्विच बहुतेक लॅचिंग असतं, तेही नको.

जोडणी अगदी सोपी आहे. दोन्ही एक्सएलआरचे १ ला १, २ ला २, ३ ला ३ सरळ जोडा. १ नंबरची वायर डब्याच्या पत्र्यालाही जोडा, नाहीतर पाय लागला की घूं आवाज येईल. आता स्विचची दोन टोकं २ आणि ३ च्या मध्ये लावा. बस. स्विच दाबलेलं नसताना २ आणि ३ एकमेकांना चिकटलेले असतात, म्हणजे माइकचा सिग्नल जागच्या जागी संपतो आणि कन्सोलला शांतता जाते. दाबलं की ते सुटे होतात आणि माइक बोलायला लागतो. डायनॅमिक माइकला याने काही होत नाही. चुकून त्या चॅनलला ४८ व्होल्ट फँटम (कंडेन्सर माइकसाठी कन्सोल माइकच्या वायरमधूनच पाठवतो ती वीज) सुरू राहिलं तरी मोठा ठोका बसत नाही, कारण फँटम २ आणि ३ ला सारख्याच ६.८ किलोओहमच्या रेझिस्टरमधून येतं, दोन्हीकडे व्होल्टेज सारखंच, जोडले काय आणि सोडले काय. २ आणि १ च्या मध्ये मात्र कधीही स्विच लावू नका, तिथे फँटम असलं तर सगळ्यांच्या कानात फटाका फुटेल.

या बॉक्सचा एक दोष आधीच माहीत असू द्या. स्विचच्या टोकाचं सोल्डर सुटलं तर माइक बंद पडत नाही, कायमचा सुरू राहतो. म्हणून सोल्डर नीट करा, वायर आतल्या आत ताणलेली नको, आणि म्हणूनच हा माइक मेनला न जाण्याची व्यवस्था स्विचवर नाही तर पॅचिंगवर ठेवायची.

ड्रमरचे दोन्ही पाय बिझी असतात, एक किकवर, एक हायहॅटवर. हायहॅटचा पाय क्षणभर सोडता येतो, त्यामुळे पेडल हायहॅटच्या डाव्या अंगाला ठेवून बरेच ड्रमर सवय करून घेतात. नाहीतर ऑप्टोगेट नावाचं एक छोटं यंत्र येतं, पीबी-०५ वगैरे, ते माइकच्या बुडाला लागतं, त्यात इन्फ्रारेड सेन्सर असतो, समोर तोंड आलं की माइक उघडतो, गेलं की बंद होतो. चालायला फँटम लागतं. आवाजावर नाही, समोर कोणी आहे की नाही यावर उघडत असल्यामुळे स्नेअरचा प्रश्नच येत नाही, पण हात किंवा स्टिक समोरून गेली तरी उघडू शकतो, म्हणून माइक अशा कोनात लावा की ड्रमर मुद्दाम वळल्याशिवाय समोर येणार नाही.

पॅचिंग: सगळ्यात सुरक्षित पद्धत

बँडचा स्वतःचा इन-इअर रॅक असेल तर अर्धी चिंता मिटली. रॅक म्हणजे एक छोटा डिजिटल मिक्सर, बेहरिंगरचा एक्सआर१८ आपल्याकडे खूप दिसतो, आणि त्याच्या आधी स्प्लिटर. स्टेजवरचे सगळे माइक स्प्लिटरमध्ये जातात, तिथून एक वाट बँडच्या रॅकला आणि एक वाट साउंडवाल्यांच्या कन्सोलला. टॉकबॅकच्या वायर मात्र स्प्लिटरमध्ये टाकायच्याच नाहीत. त्या थेट रॅकच्या मिक्सरला. मेनच्या कन्सोलला त्या माइकचं अस्तित्वच माहीत नाही, मग तिकडे नवीन ऑपरेटर बसला, त्याने सगळे फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या पट्ट्या) वर केले, सीन (साठवून ठेवलेलं सेटिंग) बदलला, काहीही झालं तरी तुमचं बोलणं बाहेर जाऊ शकत नाही. गायकाच्या हॉटशॉटचा मेन आउट स्प्लिटरला, टॉकबॅक आउट थेट रॅकला.

एक्सआर१८ घेताना हे लक्षात घ्या की त्याला माइकचे १६ इनपुट आहेत पण ऑक्स आउट, म्हणजे वेगळं मिक्स बाहेर काढायच्या जागा, ६ च. मोनोमध्ये सहा जणांचे कान झाले, स्टेरिओ हवं असेल तर तिघांचेच. या रॅकमधून मेनला काही जाणार नसेल तर मेन लेफ्ट-राइट हे आउटही सातव्या-आठव्या माणसाच्या कानासाठी वापरता येतात, पण मग त्या दोघांचं मिक्स फेडरवरच बनतं हे ध्यानात ठेवा. आणि स्प्लिटर ट्रान्सफॉर्मरवाला असेल तर फँटम फक्त डायरेक्ट आउटच्या बाजूने माइकपर्यंत पोचतं, तेव्हा डायरेक्ट बाजू कुणाकडे आहे आणि फँटम कोण देणार हे साउंडवाल्या दादांशी आधीच बोलून घ्या.

एकच कन्सोल असेल तर

बहुतेक कार्यक्रमांत एकाच कन्सोलवर मेन आणि कान दोन्ही चालतात. बेहरिंगरचा एक्स३२ कन्सोल धरून सांगतो, बाकीच्यांवर नावं बदलतील पण काम तेच. टॉकबॅकसाठी शेवटचे चॅनल घ्या, ३१ आणि ३२, म्हणजे ते गाण्याच्या माइकच्या शेजारी येत नाहीत आणि घाईत भलता फेडर वर जात नाही. लाल रंग द्या, नाव "टीबी कीबोर्ड", "टीबी ड्रम" असं लिहा. मग त्या चॅनलचं मेन स्टेरिओ असाइन बंद करा. नुसता फेडर खाली ठेवणं किंवा म्यूट करणं याला बंद करणं म्हणत नाहीत, असाइन काढा, म्हणजे फेडर वर गेला तरी मेनला वाट नाही. त्यानंतर रिव्हर्ब-डिलेला जाणारे सगळे सेंड (चॅनलमधून दुसरीकडे किती आवाज पाठवायचा ते) शून्यावर आणा. हे फार जण विसरतात. चॅनल मेनमधून काढला पण रिव्हर्बचा सेंड राहिला, तर मेनमधून तुमच्या बोलण्याचा भुतासारखा नुसता रिव्हर्ब ऐकू येतो. सबग्रुप आणि मेनला जोडलेल्या कुठल्याही बसमध्ये (अनेक चॅनल एकत्र होऊन जातात त्या वाटेत) तो चॅनल नाही ना, तेही बघा. लाइव्ह स्ट्रीमिंगसाठी वेगळं मिक्स काढलं असेल तर तिथेही बघा.

कानांच्या बसना सेंड प्री-फेडर, म्हणजे फेडर खाली असला तरी जाणारे, ठेवा. मात्र म्यूट दाबल्यावर प्री-फेडर सेंड बंद होतात की सुरू राहतात हे कन्सोलनुसार आणि सेटिंगनुसार बदलतं, म्हणून प्रत्यक्ष दाबून बघा. दोन गाण्यांच्या मध्ये साउंडवाले एका बटणात सगळा बँड म्यूट करतात, टॉकबॅक त्या म्यूट ग्रुपमध्ये असता कामा नये, कारण बोलायची खरी वेळ तीच असते. सीन रिकॉल वापरत असाल तर हे दोन चॅनल सीन सेफमध्ये टाका, नाहीतर तुम्ही काढलेलं असाइन जुना सीन गुपचूप परत आणेल.

आवाजाची घडण साधी. माणूस कार्यक्रमात जेवढ्या आवाजात बोलेल तेवढ्यात बोलायला सांगा आणि गेन असा ठेवा की मीटर उणे १८ च्या आसपास नाचेल. लो कट १५० हर्ट्झपर्यंत न्या, किकचा गडगडाट जातो. दोन-तीन किलोहर्ट्झला थोडा उठाव द्या, शब्द कळतात. कॉम्प्रेसर ४:१, कारण कुणी पुटपुटतं आणि कुणी ओरडतं. आणि प्रत्येक कानाच्या बसवर लिमिटर (ठरावीक पातळीच्या वर आवाज जाऊ न देणारा) असलाच पाहिजे, तो टॉकबॅकसाठीच नाही, माइक खाली पडला किंवा कुणी चालू वायर उपटली तर दहा जणांच्या कानांचा प्रश्न असतो.

कान स्टेरिओ असतील तर कीबोर्डचा टॉकबॅक थोडा डावीकडे आणि ड्रमचा थोडा उजवीकडे पॅन करा. कोण बोलतंय हे विचार न करता कळतं.

क्लिकवर बोलणं बुडत असेल तर डकर लावता येतो. एक्स३२ च्या गेटमध्येच डक असा मोड आहे, तो क्लिकच्या चॅनलवर लावा, "की सोर्स" (ज्याच्या आवाजाने क्लिक दबायचा तो) म्हणून टॉकबॅकचा चॅनल निवडा, रेंज १० डीबीच्या आसपास, होल्ड अर्धा सेकंद. म्हणजे कुणी बोललं की क्लिक आपसूक खाली जातो, बोलणं संपलं की वर येतो. पण हे फक्त क्लिकवर आणि गाइड ट्रॅकवर, जे बाहेर जात नाही अशाच चॅनलवर. गिटारच्या चॅनलवर असा डकर लावलात तर तुम्ही बोललात की प्रेक्षकांनाही गिटार दबलेला ऐकू येईल, कारण गेट चॅनलच्या सुरुवातीलाच बसतो, तिथून पुढे कान आणि मेन दोन्हीकडे तोच सिग्नल जातो. आणि क्लिकही पूर्ण गायब करू नका, ड्रमर त्यावरच चाललाय.

कन्सोलवरून उत्तर

एकतर्फी बोलणं अर्धवटच. साउंडवाल्याला बँडशी बोलायला कन्सोलवर टॉकबॅकची सोय असतेच, एक्स३२ वर टॉक ए आणि टॉक बी अशी दोन बटणं आहेत, ए ला सगळ्या कानांच्या बस द्या, बी ला फक्त बँड चालवणाऱ्याचा कान, आणि दोन्हींचं लॅच बंद ठेवा, दाबून धरलं तरच सुरू. मेन तिथे डेस्टिनेशनमध्ये टिक केलेलं नाही ना हे डोळ्यांनी बघा. उलट बाजूने, बँडचं बोलणं साउंडवाल्याला ऐकू जायला टॉकबॅकचे चॅनल एका वेगळ्या बसमधून काढून कन्सोलपाशी ठेवलेल्या एका छोट्या पॉवर्ड स्पीकरला द्या. त्याच्या हेडफोनवर अवलंबून राहू नका, कार्यक्रमात तो हेडफोन गळ्यात असतो, कानात नसतो.

टेस्ट करायची तर अशी

मेन सुरू, फेडर कार्यक्रमाच्या लेव्हलवर, बँड थांबलेला. एक माणूस हॉलच्या मध्यावर उभा करा, एक पहिल्या रांगेत. मग एकेकाने स्विच दाबून वीस-तीस सेकंद बोलायचं, नुसतं "हॅलो, चेक" नाही, कारण ते मेनमधून आलं की प्रत्यक्ष आलं हे कळत नाही, नाटकातला उतारा म्हणा, हिशेब वाचा, काहीही सलग बोला. हॉलमधल्या माणसाला मेनमधून एक शब्दही ऐकू येता कामा नये, रिव्हर्बही नाही. सीन वापरत असाल तर सीन बदलून परत. गायकाने बोलत बोलत स्विच दाबायचं-सोडायचं, मेनमध्ये ठोका येतो का बघायचं. आणि शेवटी बँड वाजत असताना, बोललेलं प्रत्येकाने परत म्हणून दाखवायचं. ज्याला म्हणता आलं नाही त्याच्या कानात लेव्हल वाढवा.

इथे एक गोष्ट बारकाईने सांगायला हवी, कारण सगळं पॅचिंग अचूक असूनही बोलणं बाहेर जाऊ शकतं. तुमचा टॉकबॅक माइक मेनला जात नाही, पण तुमचा आवाज शेजारच्या बासरीच्या माइकमध्ये जातो आणि तो माइक मेनला सुरू असतो. बासरी, हार्मोनियम, व्हायोलिन, तबला, हे माइक गेन जास्त ठेवून लावलेले असतात आणि कीबोर्डवाला बऱ्याचदा त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर बसतो. वर, बालगंधर्व किंवा गडकरी रंगायतनसारख्या नाट्यगृहात हळुवार भावगीत सुरू असताना पहिल्या रांगेला स्टेजवरचं साधं बोलणंही ऐकू येतं, त्याला माइक लागत नाही. उपाय म्हणजे माइकला ओठ जवळजवळ टेकवून अगदी हलक्या आवाजात बोलायचं, तोंड बासरीपासून दुसरीकडे वळवून, आणि आलाप किंवा नुसत्या तानपुऱ्यावरचा शेर चालू असताना अजिबात बोलायचं नाही, ठेका सुरू झाला की बोला. म्हणून माइक जवळ लावायचा आग्रह धरला होता. माइक जवळ आणि गेन पुरेसा असेल तर माणूस आपोआप हळू बोलतो.

काय बोलायचं

स्विच दाबल्यावर श्वासभर थांबा आणि मग बोला, नाहीतर पहिलं अक्षर कापलं जातं, आणि "नको मुखडा" मधला "नको" गेला तर काय होईल बघा. म्हणून नकारार्थी सूचनाच देऊ नका. "अंतरा नको" ऐवजी "मुखडा, मुखडा" असं जे करायचंय तेच दोनदा म्हणा. १२० च्या टेम्पोला चार मात्रांचा एक बार दोन सेकंदांचा, म्हणजे दोन बार आधी सांगितलं तर हातात चारच सेकंद. त्यात "अरे मला वाटतं आपण आता परत मुखडा घेऊया का" बसत नाही. "पुढे मुखडा, मुखडा" बसतं. एका माणसासाठी असेल तर आधी नाव, मग सूचना.

पट्टी सांगताना "काळी दोन" आणि "काळी तीन" गोंगाटात सारखंच वाटतं, दोन्हींचा शेवट एकच. त्यामुळे दोन्ही नावं घ्या, "काळी तीन, एफ शार्प". कीबोर्डवाल्याला ट्रान्सपोज करायला आणि गिटारवाल्याला कॅपो हलवायला वेळ लागतो, म्हणून पट्टीचा बदल गाणं संपायच्या आधी नाही, टाळ्या सुरू झाल्यावर सांगा, आणि सगळ्यांनी मान हलवल्याशिवाय काउंट देऊ नका.

चालू गाण्यात कुणाची चूक काढायला टॉकबॅक वापरू नका, हे मला सगळ्यात जास्त मनापासून सांगायचंय. ढोलकीवाल्याचा तुकडा चुकला तर ते त्याला कळलेलंच असतं. सगळ्यांच्या कानात त्याचं नाव घेतलं की पुढची दोन गाणी तो घाबरून वाजवतो आणि ते प्रेक्षकांना ऐकू येतं. उलट कुणी सुंदर वाजवलं तर दाद द्या, बँडच्या कानात आलेल्या "क्या बात है" ने पुढचं गाणं खरंच वर जातं.

पेडलची वायर स्टेजला गॅफर टेपने चिकटवा, पेडलच्या खालीही टेप लावा, नाहीतर दाबता दाबता ते पुढे सरकत जातं आणि तिसऱ्या गाण्यापर्यंत पायाला सापडत नाही. वायरवाल्या हेडफोन अॅम्पचे सेल प्रत्येक कार्यक्रमाला नवीन घाला. एक जादा एक्सएलआर आणि एक जादा डायनॅमिक माइक कीबोर्डच्या स्टँडमागे ठेवून द्या, आणि सुरुवातीच्या दोन रिहर्सल मुद्दाम हातवारे बंद ठेवून फक्त टॉकबॅकवर करा, पाय कुठे जायला हवा ते त्यातूनच बसतं.